कस्टमवाले खांबेटे

माझ्या मुलीच्या पहिल्यावहिल्या झबल्यांवर हळदीचे डाग होते. ते तिने पाडले नव्हते. ती तेव्हा जन्मायची होती. माझ्या आईने नाशिकला स्वयंपाकघरात बसून, हळदीत बोट बुडवून, एकेका नव्याकोऱ्या झबल्यावर ते मुद्दाम पाडले होते. आणि तसं करायला तिला आमच्या खांबेट्यांनी सांगितलं होतं.

"वापरलेल्या वस्तूवर ड्यूटी बसत नाही, वहिनी," खांबेटे म्हणाले होते. "नवं दिसलं की त्यांचे डोळे लकाकतात. आईंना सांगा, काहीही पाठवा, पण नवं दिसता कामा नये."

आईला फोनवर हे पटवताना मला घाम फुटला. "अगं, बाळाच्या कपड्यांना डाग पाडायचे? वेड लागलंय का त्या माणसाला?" शेवटी तोडगा तिनेच काढला. पाडायचेच तर हळदीचे पाडते म्हणाली. कस्टमचंही भागेल आणि शुभही होईल.

आम्ही तेव्हा लुडविग्सहाफेनला राहत होतो. ऱ्हाइनच्या काठाने पसरलेला अवाढव्य केमिकल कारखाना आणि त्याच्या आसऱ्याने वाढलेलं गाव. माझा नवरा संदीप तिथे इंजिनिअर होता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि बरोबर आमच्या खाली खांबेटे. पंचेचाळिशी ओलांडलेले, सडसडीत, अविवाहित. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. जर्मन असं बोलत की बेकरीतल्या बाया कौतुकाने ऐकत राहायच्या. ऐकत म्हणजे काउंटरवरून वाकून, कान पुढे करून ऐकत; कारण खांबेटे मराठी, इंग्रजी, जर्मन, कुठलीही भाषा फक्त कुजबुजत.

खांबेट्यांना भीती वाटे. कशाची, असं विचारण्यापेक्षा कशाची वाटत नसे ते विचारलेलं बरं; उत्तर लवकर संपेल. ट्रॅममध्ये बसले की तिकीट खिशात न ठेवता दोन बोटांत धरून, सगळ्यांना दिसेल असं बसत. चहूकडे चिटपाखरू नसलेल्या रस्त्यावर लाल दिव्यासमोर हिमवर्षावात उभे राहत. कारखान्याच्या फाटकावर कॅमेरा होता. रोज सकाळी आत शिरताना खांबेटे त्या कॅमेऱ्याला मान लववून "गुटन मॉर्गन" म्हणत. संदीपने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"अहो, पण तो कॅमेरा आहे," मी एकदा म्हटलं.

"आल्झो, म्हणजे त्याच्यामागे माणूस असतो ना. उद्या काही झालं तर तो म्हणेल, हा रोज नमस्कार करायचा. नोंद होते, वहिनी."

हे त्यांचं पालुपद. नोंद होते. शिंक जोरात आली, नोंद होते. काचेच्या बाटल्या रविवारी टाकल्या, नोंद होते. कुठे, कोण, कशात नोंद करतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पहिल्या काही महिन्यांत मी हसले. पुढे माझ्या लक्षात आलं की ट्रॅममध्ये माझंही तिकीट माझ्या दोन बोटांत असतं. भीती ही सर्दीसारखी असते, हे मला खांबेट्यांच्या वरच्या मजल्यावर राहून कळलं.

या सगळ्या भीतींत सगळ्यात मोठी भीती कस्टमची. आम्ही लुडविग्सहाफेन आणि नदीपलीकडच्या मानहाइममधली पाच-सहा मराठी घरं अधूनमधून जमायचो. जेवणं झाली की विषय हमखास घरून येणाऱ्या पार्सलांवर जायचा. कुणाचं लोणचं गळून साडीला लागलेलं, कुणाच्या गोडा मसाल्याला कस्टमवाल्याने नाक लावून पाच मिनिटं शिंका दिलेल्या, कुणाला चांदीच्या वाटीवर ड्यूटी भरावी लागलेली. एरवी कोपऱ्यात ताट घेऊन बसणारे खांबेटे या विषयावर मात्र खुर्ची पुढे ओढत.

"गिफ्ट लिहायचं, पण ठळक नाही. ठळक लिहिलं की संशय येतो. लाडू अख्खे नकोत. अख्खे लाडू गोल दिसतात मशिनमध्ये. गोल वस्तू वाईट. चकल्या मोडून. आणि पाठवणाऱ्याचं अक्षर फार सुंदर नको, व्यापारी वाटतो."

बायका हसू दाबत आणि घरी जाऊन निमूटपणे आईला फोन करत. खांबेट्यांमुळे महाराष्ट्रातल्या किती घरांत लाडू करून मग फोडले गेले असतील, देव जाणे. त्यांच्यामागे सगळे त्यांना 'कस्टमवाले खांबेटे' म्हणत. इतकं बारीकसारीक माहीत आहे, म्हणजे यांच्याकडे गावाहून पेटारेच्या पेटारे येत असणार, अशी आमची सगळ्यांची खात्री होती.

युरोच्या नोटा अजून हाताला नव्या लागत होत्या, त्या हिवाळ्यात मला सातवा महिना होता. बाळंतपणाला आई येणार होती, पण बाबांची बायपास झाली आणि तिचं येणं रद्द झालं. फोनवर ती रडली नाही. "मी नाही तर नाही, माझं खोकं येईल," एवढंच म्हणाली. मग महिनाभर तिकडे लगबग चालली होती. डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा, बाळघुटीचं सगळं सामान, ती उगाळायला छोटी सहाण, जुन्या लुगड्यांची दुपटी, कुंची, आणि ती डागाळलेली झबली. शिवाय बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर लागेल म्हणून घरी केलेलं नाचणीचं सत्त्व, पिशवीभर.

खोकं निघालं आणि संदीपला कंपनीने चीनला पाठवलं. तिथला नवा प्लांट सुरू करून द्यायचा होता; मार्चअखेरीस परत येईन म्हणाला. मी एकटी. माझं जर्मन म्हणजे दूध, पाव, बटाटे आणि हवामान.

आणि एके दिवशी टपालपेटीत ते करड्या कागदाचं पत्र आलं. वर गरुडाचं चित्र. त्यातला मला एकच शब्द कळला. त्सोलआम्ट. म्हणजे कस्टमचं ऑफिस.

मला जिना उतरून खांबेट्यांकडे जावं लागलं नाही. तेच माझ्या दारात उभे होते. माझ्या हातातला कागद त्यांनी जिन्यातूनच ओळखला होता. आत येऊन त्यांनी तो आधी उभ्याने वाचला, मग खिडकीपाशी नेऊन वाचला, मग उजेडासमोर धरून पाहिला.

"काय लिहिलंय?"

"तुम्हाला बोलावलंय. पासपोर्ट घेऊन." त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला. "आणि लिहिलंय की आतल्या वस्तूंबाबत खुलासा हवा आहे. खुलासा, वहिनी. म्हणजे त्यांना काहीतरी दिसलंय. आईंनी पाठवलंय काय काय?"

मी सांगत गेले. सहाणेला त्यांनी डोळे मिटले. नाचणीच्या सत्त्वापाशी उघडले.

"पूड?"

"हो."

"रंग?"

"पांढरट. थोडी करडी झाक."

खांबेटे आमच्या दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर खाली बसले. त्या दिवसांत पाकिटांतून येणाऱ्या अँथ्रॅक्सच्या पांढऱ्या पुडीची सगळ्या जगाने धास्ती घेतली होती. टीव्हीवर रोज तेच. आमच्यासारख्या सावळ्या चेहऱ्यांकडे ट्रॅममध्ये लोक एकदा पाहून पुन्हा पाहत. संदीपच्या एका सहकाऱ्याला विमानतळावर अर्धा दिवस बसवून ठेवलं होतं, नुसत्या दाढीवरून. आमचा राहण्याचा परवाना संदीपच्या नोकरीला बांधलेला, नोकरी कंपनीच्या मर्जीला. एका पिशवीने काय काय कोसळू शकतं, ते मला त्या कपाटाशेजारी उभं राहून एकामागून एक दिसायला लागलं.

"जाऊ नका," खांबेटे म्हणाले. "कुणी नेलं नाही तर ते परत पाठवतात. पत्र मिळालंच नाही म्हणायचं. विषय मिटला."

"आणि आईला काय सांगू?"

"सांगा, हरवलं."

मला काय झालं कोण जाणे. त्या दिवसांत रडू लगेच यायचं, पण तेव्हा आला तो संताप. "अहो, आई येऊ शकत नाही म्हणून ते खोकं आलंय! ते परत पाठवू? तिला दारातून परत पाठवल्यासारखं? तुम्हाला आईने पाठवलेलं परत पाठवावंसं वाटेल का?"

खांबेटे उठले आणि जिना उतरून गेले. त्यांच्या दाराला आतून साखळी लावल्याचा आवाज आला. मी पत्र घेऊन बसले. आता कुणाला धरून न्यायचं, हे काही सुचेना.

सकाळी बेल वाजली. दारात खांबेटे. सूट, टाय, पॉलिश केलेले बूट, केसांना पाणी लावून भांग. चेहरा मात्र पिठासारखा.

"रजा घेतलीय," ते कुजबुजले. "तुमचं जर्मन अपुरं आहे. एक क्रियापद चुकलं की सगळा अर्थ बदलतो. मी येतो. फक्त भाषांतर करीन. दुसरं काही नाही."

कस्टमचं ऑफिस बंदराच्या बाजूला होतं. आत लांबलचक खोली, भिंतीला लागून खुर्च्या, एक काउंटर, आणि शांतता. एक म्हातारा तुर्की गृहस्थ डबा उघडून दाखवत होता आणि समोरचा अधिकारी त्यात पेनाने ढवळून बघत होता. खांबेट्यांनी तिकडे पाठ केली.

आमचा नंबर आला. काउंटरवर रुंद खांद्यांची, गळ्यात साखळीचा चष्मा अडकवलेली बाई होती. तिने माझा पासपोर्ट घेतला, माझ्या पोटाकडे पाहिलं, मग खांबेट्यांकडे पाहिलं.

"आणि हे? आपले पती?"

एवढं जर्मन मलाही कळलं. खांबेटे वीज अंगावर पडल्यासारखे मागे सरले. "नाइन! नाइन!" त्यांचा इतका मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. तुर्की म्हाताराही वळून बघायला लागला. बाई थांबली. कोण मग, असा प्रश्न तिच्या भुवयांवर होता. खांबेट्यांचे ओठ हलले, आवाज फुटेना. आणि मग फुटला.

"ब्रूडर," ते म्हणाले. "मी हिचा भाऊ."

बाईने मान हलवली आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. ती लिहीत असताना खांबेटे तिच्या पेनाकडे असे बघत होते, जणू ती त्यांचीच शिक्षा लिहीत होती.

खोकं आलं. बाईने पट्ट्या कापल्या. सगळ्यात वर झबली. तिने एक उचललं, डाग पाहिला. दुसरं उचललं, डाग. तिसरं. तिची नजर माझ्यावर आली आणि तिच्यात मला स्पष्ट दया दिसली.

"हे सगळं बाळासाठी? पण हे तर..."

"ट्राडित्सिओन," खांबेटे घाईने म्हणाले. "आमच्याकडे परंपरा आहे. हळद. शुभ असते."

"आख् झो! असं होय!" बाईने आदराने झबलं घडी करून ठेवलं. मग लाडवांचा डबा. आत भुगा. तो तिने सहानुभूतीने बंद केला. मग मुरुडशेंग, पिळाची. ती तिने स्क्रूसारखी फिरवून पाहिली. सहाण हातात तोलून पाहिली. खांबेटे एकेकाचं नाव, उपयोग, लॅटिन नाव सांगत होते आणि तिचं बोलणं माझ्या कानाशी मराठीत कुजबुजत होते. कपाळावरचा घाम टायवर ठिबकत होता. मग तिने ती पिशवी बाहेर काढली.

बाईचा हात थांबला. तिने पिशवी उजेडात धरली, हळूच काउंटरवर ठेवली आणि चष्मा लावला. "हे काय?"

"हिर्झं," खांबेटे म्हणाले. हे तिकडचं धान्य, आमच्या नाचणीच्या जवळचं. "पीठ. बाळासाठी."

"क्षणभर थांबा." ती पिशवी दोन बोटांत धरून मागच्या खोलीत गेली. दार बंद झालं.

तुर्की म्हाताराही आपला डबा उचलून लगबगीने निघून गेला. बाळाने पोटात एक जोरदार लाथ मारली आणि मला वाटलं, आता इथेच काहीतरी होणार. बंद दाराआडून फोनवर बोलल्याचा आवाज येत होता. खांबेट्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"हे काय?"

"घराची. बाल्कनीत कढीपत्ता आहे, त्याला एक दिवसाआड पाणी. जास्त नको." मग मनगटावरचं घड्याळ काढलं. "हेही ठेवा. आत घेताना काढून घेतात."

"अहो, असं काही होणार नाही."

"मी केमिस्ट आहे, वहिनी," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "केमिकल कारखान्यातला परदेशी केमिस्ट, आणि पांढरी पूड. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय समजला असता?"

तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्यासाठी ते एका खोक्याचं प्रकरण होतं. खांबेटे इथे येऊन काय पणाला लावून उभे होते, ते मला तेव्हा कळलं, आणि खरी भीती मला तेव्हा वाटली.

दार उघडलं. बाईबरोबर एक वयस्क अधिकारी होता. हातात रबरी मोजे. त्याने पिशवी काउंटरवर मध्यभागी ठेवली आणि सगळ्यांनी तिच्यापासून थोडं लांब उभं राहावं अशी खूण केली.

"आपण म्हणता हे अन्न आहे."

"हो."

"याची तपासणी करावी लागेल. प्रयोगशाळेत. तोपर्यंत..."

पुढचं वाक्य पूर्ण झालंच नाही. खांबेटे दोन पावलं पुढे झाले, पिशवीची गाठ सोडली, मूठभर सत्त्व घेतलं आणि सगळंच्या सगळं तोंडात कोंबलं.

कोरडं नाचणीचं सत्त्व ज्याने कधी तोंडात टाकून पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. ते टाळूला चिकटलं, घशात गेलं, नाकात गेलं. खांबेट्यांना असा ठसका लागला की त्यांच्या नाकातोंडातून पांढरा धूर निघाला. डोळे बाहेर आले, चेहरा लाल, मग जांभळा. बाई किंचाळली. मोजेवाल्याने भिंतीवरच्या फोनकडे झेप घेतली. "विष! विष!" असं काहीतरी तो ओरडला असावा. मी खांबेट्यांच्या पाठीवर गुद्दे मारायला लागले आणि मला येणारा एकमेव उपयोगी जर्मन शब्द बेंबीच्या देठापासून ओरडले. "वासर! वासर!"

पाणी आलं. पेलाभर पाणी घशाखाली गेल्यावर खांबेट्यांनी श्वास घेतला, टाय सारखा केला, आणि पुसट आवाजात, व्याकरणाची एकही चूक न करता म्हणाले, "दूध आणि गूळ घालून शिजवलं तर चव बरी लागते."

आधी बाई हसली. मग मोजेवाला. हसताना त्याने मोजे काढले. मग त्याने स्वतः बोटाच्या टोकाला थोडं लावून जिभेवर ठेवलं, तोंड वाकडं केलं, आणि पिशवीची गाठ परत बांधली. घरगुती भेट, ड्यूटी काही नाही, असं म्हणत बाईने शिक्का मारला. "आईंना सांगा," ती मला सावकाश, कळेल असं म्हणाली, "पुढच्या वेळी जरा नीट बांधा. सगळं फुटलंय."

ट्रॅममध्ये खोकं मांडीवर घेऊन मी हसत होते आणि रडत होते. खांबेटे खिडकीबाहेर बघत होते.

"वहिनी, मी सरकारी अधिकाऱ्यासमोर खोटं बोललो. भाऊ म्हणालो. तिने लिहून घेतलं."

"वेळ लिहिली असेल हो तिने."

"नोंद झाली," ते म्हणाले.

मला वाटलं, चार दिवसांत विसरतील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते वर आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले. "आल्झो. समजा, उद्या चौकशी झाली. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. आपले वडील काय करत होते?"

"आपले?"

"तुमचे. म्हणजे आता आपले."

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे, मी म्हटलं. ते त्यांनी मनात ठेवलं. मग रोज संध्याकाळी येऊ लागले. आपलं घर कितव्या मजल्यावर? नळाला पाणी कधी यायचं? दंगा केला की मारायचं कोण, आई का बाबा? कारल्याची भाजी कुणाला आवडायची नाही? मीही एकटी होते, सांगत सुटायचे. गणपतीला बाबा पुठ्ठ्याचा किल्ला करायचे आणि एकदा त्याला निरांजनाची वात लागून बुरूजच पेटला होता, हे ऐकून खांबेटे इतके हसले की त्यांना खोकला आला. चार दिवसांनी तेच मला म्हणाले, "आपल्याकडे तो बुरूज पेटला, तेव्हा आई आधी गणपती उचलायला धावली का तुला?" वहिनीचं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. जिन्यात शेजाऱ्यांच्या कानावर पडावं म्हणून मी त्यांना दादा म्हणायचं असं ठरलं. मला वाटतं, शेजाऱ्यांपैकी कुणालाही त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता.

मार्चअखेरीस संदीप परतला आणि चक्रावला. "मी बायको सोडून गेलो होतो. परत आलो तर घरात एक मेव्हणा!"

मे महिन्यात सई झाली. तिचा मामा दवाखान्यात आला, काचेतून तिच्याकडे पाहिलं, आणि तिला उचलून घ्यायला मात्र सपशेल नकार दिला. माझ्या हातून पडली तर, म्हणाला. त्यानंतर ती बसायला लागेपर्यंत तो तिच्यापासून हातभर अंतर राखून, पाठीमागे हात बांधून तिच्याशी बोलायचा.

हे सगळं मी आईला फोनवर सांगत असे. ती पोट धरून हसायची. एकदा हसता हसता थांबली आणि म्हणाली, "त्यांच्या घरी कोण कोण असतं गं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीत नाही. आमच्या घरातला पेटलेला बुरूज त्यांना तोंडपाठ होता. त्यांच्या घराविषयी मी एक प्रश्न विचारला नव्हता.

दिवाळीच्या आधी एका शनिवारी सकाळी खांबेटे वर आले. हातात तसाच करडा कागद. या वेळी नाव त्यांचं होतं.

"काहीतरी चूक आहे," ते म्हणाले. "नाशिकहून आहे. तुझं पार्सल माझ्या नावावर आलंय."

"माझं मला कालच मिळालं, दादा. हे तुमचं आहे. आईने पाठवलंय."

"मला?"

"हो."

"पण मला कोण पाठवणार?"

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "दादा, तुम्हाला आजवर कधी पार्सल आलंच नाही?"

त्यांनी कागदाची घडी घातली, परत उघडली. "आई-वडील मी लहान असतानाच गेले. पुढे वसतिगृहातच. काका होते, ते फी भरायचे, पण खोकी पाठवण्यातले नव्हते." ते थोडं हसले. "इथे आलो तेव्हा सगळे तेच बोलायचे. कुणाचं काय आलं, कुणाचं काय अडकलं. मग मी कस्टमचे सगळे नियम वाचून काढले. म्हणजे मलाही काहीतरी बोलता येईल."

मी बरोबर येते म्हटलं तर त्यांनी हात वर केला. सोमवारी ते एकटेच गेले. मी सईला कडेवर घेऊन खिडकीत उभी. काय होईल, कोण काय विचारेल, ते परत काय तोंडात कोंबतील, काही सांगता येत नव्हतं. दुपारी ते कोपऱ्यावर दिसले. खोकं छातीशी धरलं होतं, दोन्ही हातांनी, आणि अतिशय सावकाश चालत होते.

स्वतःच्या घरी न जाता ते वर आले. खोकं आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि समोर बसून राहिले. मी कात्री पुढे केली. त्यांनी ती घेतली आणि बाजूला ठेवली. पुठ्ठ्यावर आईने त्यांचं नाव लिहिलं होतं, आधी 'चिरंजीव' घालून. त्या अक्षरांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"पोचलं म्हणून कळवतात ना?" ते म्हणाले. "तुम्ही सगळे कळवता."

मी नाशिकचा नंबर लावला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. पलीकडे आईचं "हॅलो, कोण?" मला इथपर्यंत ऐकू आलं. खांबेटे उठून उभे राहिले. कोण म्हणून सांगावं, ते त्यांना ठरवता येईना. मग त्यांनी एकदम सांगितलं.

"आई, पोचलं."

एवढंच. त्यानंतर पलीकडून आई बोलत सुटली. चिवडा आधी संपव, लाडू टिकतील, थंडी फार आहे का, कानाला बांधून बाहेर पडतोस ना, जेवतोस काय, रात्री एकटाच असतोस का. खांबेटे रिसीव्हर कानाशी घट्ट धरून प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होते. हो. नाही. हो. फोनवर हलवलेली मान तिकडे नाशिकला दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी ते सांगितलं नाही. सईला घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं आधण ठेवलं.